सांसर्गिक रोग अधिनियम, भारतीय

ब्रिटिश अमदानीत, मुख्यतः गोऱ्या सैन्यातील उपदंश (गरमी) व परमा या गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी १८६८ मध्ये केलेला कायदा. इंग्लंडमधील १८६४ व १८६६ च्या कायद्यांच्या धर्तीवर तो झाला. त्यानुसार वेश्यांची नोंदणी व ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली; रोगग्रस्त ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक’ रुग्णालयात डांबून ठेवीत. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाच्या तपासणीची तरतूद मात्र कायद्यात नव्हती. त्यामुळे बरी होऊन सुटलेल्या स्त्रीला पुन्हा संसर्ग होण्यास अडसर नव्हता. तपासणीही प्रायः बाह्य लक्षणांवरच होई. उपदंशाचे व्रण आपोआप भरून येतात, पण रोग शरीरात राहतो; स्त्रियांमध्ये परमा पुष्कळदा लक्षणांवाचून असतो. साहजिकच निरोगी ठरविलेली स्त्रीही संसर्गकारक असू शके. उपचारातील पारा तर स्वतःच विषारी. जोसेफीन बटलर प्रभृतींच्या चळवळीमुळे इंग्लंडमधील कायदे १८८६ मध्ये आणि भारतीय कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. शाउडिन व होफमान यांना उपदंशाचा जंतू सापडला तो १९०५ मध्ये. १९०६ मध्ये वासरमान रक्तपरीक्षा निघाली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनाचा गुण दिसून आला. रुग्णाबरोबर त्याच्या लैंगिक जोडीदाराचीही तपासणी व उपचार, गुप्ततेची हमी आणि निरोधाचा वापर यांवर आधुनिक प्रतिबंधाचा भर आहे.