सोबत्यांची शर्यत

मॅरेथॉन म्हटले की 42 किलोमीटर, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण दक्षिण आफ्रिकेत ‘कॉम्रेड्स’ नावाची एक शर्यत आहे. तिच्यात 42 किलोमीटर धावले तरी अर्धी वाटही सरत नाही. डरबन बंदर ते पीटरमॅरित्झबर्ग, अंतर सुमारे 90 किलोमीटर, आणि सगळी वाट डोंगरातून! बहुधा एक वर्ष समुद्राकडून चढायचे, तर दुसऱ्या वर्षी वरून उतरायचे. उतरणे सोपे असे वाटते ना? आपला घाट उतरून आलेल्या माणसाचे गुडघे काय म्हणतात ते विचारा.

ही कल्पना व्हिक क्लॅफम नावाच्या एका आगगाडीच्या ड्रायव्हरची. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणरणत्या उन्हात त्याने सुमारे 2,700 किलोमीटरची पायपीट केली होती. वाटेत पडलेल्या सोबत्यांची आठवण दगडी स्मारकाने नव्हे, तर तशाच कष्टांनी जागवावी, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघाने आधी नकार दिला. मग कसाबसा एक पौंड दिला, तोही परतीच्या बोलीवर. 24 मे 1921 रोजी 34 जण निघाले, त्यांतले 16 पोहोचले. पहिल्याला 8 तास 59 मिनिटे लागली.

डरबनहून पहाटेच्या अंधारात निघाले की पाठीमागे समुद्र राहतो आणि चढ लागतो. काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स अशा पाच नामांकित टेकड्या. डावी-उजवीकडे कुठे बंगले, कुठे झुलू वस्त्या, तर कुठे उसाचे मळे. मध्येच ‘हजार टेकड्यांचे खोरे’ उघडते. तिथे दरडीत एक कोनाडा आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा जिंकून पुढे एकूण पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तिथे विसावा घेई, असे सांगतात. धावणारे त्याला आजही फूल वाहतात. अगदी आपल्या घाटातल्या म्हसोबाला वाहावे तसे. पुढे माळ लागतो, वाट सुमारे 800 मीटर उंचीवर जाते, आणि शहर दिसू लागेल अशा वेळी, पाय संपलेले असताना, पॉली शॉर्ट्सचा चढ उभा राहतो.

ज्या शहरात हा चढ पोहोचवतो, त्याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनावर 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवले होते. तेही डरबनहूनच आले होते. पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात होते. उणीव होती ती कातडीच्या रंगाची.

शर्यतीची यादीही त्याच हिशेबाने लिहिली जाई. ‘सोबती’ म्हणजे गोरे पुरुष. 1923 साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला गेला. बाई तरीही धावल्या आणि 11 तास 35 मिनिटांत पोहोचल्या. पदक नाही, मग धावणाऱ्यांनी आणि बघ्यांनीच वर्गणी काढून त्यांना चांदीचा चहाचा संच दिला. मला त्या बघ्यांचे फार कौतुक वाटते. 1935 मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा काळा गृहस्थ असाच बिनयादीचा धावला. वेळ 9 तास 30 मिनिटे, म्हणजे पुष्कळ यादीवाल्यांना लाजवील अशी. पण निकालपत्रात त्याचे नाव नाही.

वर्णभेदाचे कायदे पुढे आणखीच करकचून आवळले गेले. अखेर 1975 मध्ये, पन्नासाव्या शर्यतीला, स्त्रियांना आणि काळ्या माणसांना रीतसर प्रवेश मिळाला. 1989 साली सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता ठरला. वर्णभेदी राजवट जायला तेव्हा अजून पाच वर्षे होती. आता हजारो लोक धावतात. मुंबई-पुण्याची मंडळीही आवर्जून जातात.

12 तासांची मुदत संपते तेव्हा एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. तोंड पाहिले तर हात थांबेल, म्हणून! त्यापुढे एक पाऊल राहिले तरी पदक नाही. पदके वेळेप्रमाणे निरनिराळी असतात. 9 तासांनंतर, पण 10 तासांच्या आत येणाऱ्याला जे मिळते, त्याचे नाव 2019 पासून रॉबर्ट म्त्शाली पदक असे आहे.