सेंट्रोमिअरच्या प्रथिनांचा शोध

पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका माणसाच्या गुणसूत्राला एकाच चिंचोळ्या जागी धरतात. तिला सेंट्रोमिअर म्हणतात. कील येथील वाल्थर फ्लेमिंग यांच्या १८८२ च्या ग्रंथात पेशीविभाजनाचे टप्पे बारकाईने रेखाटलेले आहेत. सेंट्रोमिअर हे नाव मात्र सिरिल डार्लिंग्टन यांनी १९३६ मध्ये दिले. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली या जागेवर थरांची तबकडी दिसली. ती म्हणजे कायनेटोकोर. ती कोणत्या प्रथिनांची आहे, हे सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन मिळाले रुग्णांच्या रक्तातून. स्क्लेरोडर्मा या विकारात त्वचा घट्ट होत जाते आणि शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. यांतल्या काही रुग्णांची प्रतिपिंडे पेशीत फक्त सेंट्रोमिअरवर जाऊन चिकटतात, असे एंग टॅन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. मग विल्यम अर्नशॉ आणि नेओमी रॉथफील्ड यांनी १९८५ मध्ये याच प्रतिपिंडांनी तीन प्रथिने हेरली: सेन्प-ए, सेन्प-बी आणि सेन्प-सी. पेशीत अत्यल्प असलेली ही प्रथिने एरवी सहज हाती लागली नसती. या शास्त्रावर रुग्णांचे ऋण फार मोठे आहे.

तिघांत सर्वांत लहान सेन्प-ए सर्वांत महत्त्वाचे ठरले. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांसोबत ते सापडत होते. पण अभ्यासापुरते शुद्ध स्वरूपात मिळवायचे कसे? शुक्रपेशी घडताना बहुतेक हिस्टोन निघून जातात, सेन्प-ए मात्र टिकून राहते. म्हणून डग्लस पामर, रॉबर्ट मार्गोलिस आणि सहकाऱ्यांनी ते बैलाच्या शुक्रपेशींतून वेगळे केले. १९९१ चे हे काम युक्तीचा उत्तम नमुना आहे. सेन्प-ए हा एच३ हिस्टोनचाच एक प्रकार असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

दरम्यान डीएनएचे कोडे उरले होते. मानवी सेंट्रोमिअरवर १७१ बेसजोड्यांचा अल्फा सॅटेलाइट हा तुकडा हजारो वेळा येतो. त्यातल्या १७ बेसजोड्यांच्या खुणेला सेन्प-बी चिकटते. मग हा क्रमच जागा ठरवतो काय? मेलबर्नमधील संशोधकांना १९९३ मध्ये असे मानवी गुणसूत्र आढळले, की ज्यावर अल्फा सॅटेलाइट सापडत नव्हता, तरी नव्याच ठिकाणी सेंट्रोमिअर काम करत होता. अशा नव्या जागांवरही सेन्प-ए असतेच. म्हणजे जागेची ओळख क्रमापेक्षा प्रथिनावर अधिक अवलंबून असते.

२००६ च्या सुमारास कायनेटोकोरच्या रचनेचे दोन मुख्य भाग ओळखले गेले. सेन्प-ए असलेल्या न्यूक्लिओसोमला, म्हणजे हिस्टोनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या एककाला, लागून सोळा प्रथिनांचा आतला संच बसतो. बाहेरच्या संचातले लांबट एनडीसी८० संकुल सूक्ष्मनलिका पकडते. २०११ मध्ये हितोशी कुरुमिझाका यांच्या गटाने मानवी सेन्प-ए न्यूक्लिओसोमची स्फटिकरचना मांडली. त्यात डीएनएची दोन्ही टोके सैल दिसली.

आतल्या मानवी संचाचे रूप २०२२ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने उघड झाले. केंब्रिजमधील डेव्हिड बारफर्ड आणि डॉर्टमुंडमधील अँड्रिया मुसाकिओ यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे दाखवले. केंब्रिजच्या रचनेत न्यूक्लिओसोमबाहेर पडणारा डीएनए सेन्प-एल व सेन्प-एन यांच्या पन्हळीतून जातो आणि इतर प्रथिने त्याला वेढून बंदिस्त करतात. सूक्ष्मनलिकांची ओढ बसली तरी संच डीएनएवरून निसटत नाही तो या वेढ्यामुळे, असे संशोधकांचे मत आहे.