चुकांसकट नक्कल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ज्या पीसींना चालत नाही, त्यांच्या मालकांपैकी काहींनी लिनक्सची वाट धरली. नवी सिस्टिम बसली की लगेच प्रश्न येतो: आधीचे प्रोग्राम यावर चालतील का? गेली तीस-बत्तीस वर्षं या प्रश्नाला ‘वाइन’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर उत्तर देत आलंय. प्रश्न मात्र त्याहून बराच जुना.

आयबीएमचं १४०१ हे यंत्र १९५९मध्ये आलं आणि बघता बघता हजारो कचेऱ्यांचे पगार, बिलं, गोदामाचे हिशेब त्यावर निघू लागले. कंपनीची पुढची ३६० मालिका आतून पार निराळी होती; जुने प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालणार नव्हते. डिसेंबर १९६३मध्ये हनीवेलने आपलं २०० हे यंत्र जाहीर केलं आणि सोबत ‘लिबरेटर’ दिलं, म्हणजे १४०१चे प्रोग्राम आपल्या यंत्रावर ओढून आणायची सोय. हातचं गिऱ्हाईक निसटतंय म्हटल्यावर आयबीएम खडबडून जागी झाली. ७ एप्रिल १९६४ला ३६० मालिका जाहीर झाली, तेव्हा तिच्या मॉडेल ३०मध्ये १४०१चं सोंग वठवणारा, प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड देऊ केलेला होता. जुने प्रोग्राम त्यावर मूळ यंत्रापेक्षाही वेगात पळत. जुन्याला सांभाळून घ्यायची बुद्धी स्पर्धकाच्या धाकाने सुचली, हे लक्षात ठेवलेलं बरं.

वाइनचा मामला वेगळा. १४०१ आणि ३६० यांची प्रोसेसरपातळीवरची भाषाच निराळी होती. घरच्या पीसीवर विंडोज असो की लिनक्स, प्रोसेसर तोच असतो. अडतं दुसरीकडे. प्रोग्राम स्वतः खिडकी काढत नाही, फाइल उघडत नाही; तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो आणि ती काम करून देते. विंडोजच्या प्रोग्रामने लिनक्सवर तीच हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. तिथे कुणाला तरी बसवलं की काम भागतं. सन कंपनीचं ‘वाबी’ याच मार्गाने तिच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर विंडोज ३.१चे प्रोग्राम चालवायचं. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९९३मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅट यांनी लिनक्ससाठी वाइन सुरू केलं. पुढच्याच वर्षी अलेक्झांद्र जुलियार यांनी धुरा घेतली, ती आजही त्यांच्याकडे आहे.

ऐकायला सोपं, पण हाका हजारो प्रकारच्या. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड बघायची सोय नाही, आणि ज्याने तो बघितलाय त्याने लिहिलेला कोड वाइन घेतही नाही. म्हणून छोटे चाचणी-प्रोग्राम लिहायचे, खऱ्या विंडोजवर चालवायचे आणि काय उत्तर येतं ते टिपायचं. कागदोपत्री एक आणि विंडोज करते भलतंच, असं झालं की वाइन कागद बाजूला ठेवतं. प्रोग्राम लिहिणारे विंडोजच्या प्रत्यक्ष वागण्यावर विसंबलेले असतात. तिची चूक दुरुस्त करायला गेलं की प्रोग्राम बंद पडतो. खुद्द मायक्रोसॉफ्टही यातून सुटली नाही. सिमसिटी हा खेळ एकदा सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरायचा. विंडोज ३.१वर ते खपून जाई, विंडोज ९५वर खेळ कोसळू लागला. शेवटी त्या एका खेळापुरती मेमरी लगेच न सोडण्याची खास तजवीज विंडोज ९५मध्ये करावी लागली.

वाइन पहिल्यांदा चालवलं की होम फोल्डरमध्ये ‘वाइन’ नावाचा एक लपलेला फोल्डर तयार होतो. आत डोकावलं तर सी ड्राइव्ह हजर, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ जागच्या जागी; लिनक्सची बाकीची डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. प्रोग्रामला संशय यायला नको! फाइलचं इंग्रजी नाव एकदा लहान आणि एकदा कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर लिनक्सच्या लेखी त्या दोन फाइली, विंडोजच्या लेखी एकच. म्हणून नेमक्या नावाची फाइल मिळाली नाही तर वाइन अख्खा फोल्डर चाळून जुळणारं नाव शोधतं.

जुन्या विंडोजच्या सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामवर थेट डबल-क्लिक करायचा मोह होतो. एखादा सुटसुटीत प्रोग्राम चालतोही. पुष्कळसे मात्र अडतात, कारण इन्स्टॉल होताना त्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, केलेल्या नोंदी तिकडेच राहिलेल्या असतात. सेटअप फाइल शोधून वाइनमध्ये नव्याने इन्स्टॉल करावं.

वाइनची १.० आवृत्ती निघाली १७ जून २००८ला. तोवर विंडोज ३.१ इतिहासजमा होऊन व्हिस्टा आलं होतं. दरम्यान २००५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘अस्सल विंडोज’ तपासणीत वाइनची रजिस्ट्री-नोंद हुडकणारा कोड सापडला. याहून चांगली पावती कोणती? पुढे २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर बेतलेलं ‘प्रोटॉन’ काढलं आणि २०२२च्या तिच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर विंडोजचे खेळ लिनक्सवर चालू लागले.

सगळंच मात्र वाइनवर चालत नाही. मराठी डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं घोडं डोंगलपाशी, म्हणजे परवान्यासाठी पीसीला जोडायच्या किल्लीपाशी, अडतं. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतो. वाइन तितकं खोल जात नाही. तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी विंडोज चढवून डोंगल तिच्या हवाली करणं, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. पण उलटंही घडतं. विंडोज ३.१च्या काळातले १६-बिटी प्रोग्राम आजची ६४-बिटी विंडोज उघडतच नाही. ६४-बिटी लिनक्सवरचं वाइन त्यातले बरेचसे अजून चालवतं.