बेंगाल, ओंदिना आणि तो एक गोळा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इतिहासावर लिहितोय. झालं असं की शनिवारी बेलपाडा स्टेशनवर मेट्रोची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात कॉलेजच्या एका मित्राचा फॉरवर्ड आला. ‘भारताच्या चिमुकल्या बोटीने एकटीने दोन जपानी क्रूझर बुडवल्या!!’ खाली तिरंगा आणि दहा जणांना पाठवा वगैरे.

असले फॉरवर्ड मी सहसा उडवतो. पण यातली बोट खरी आहे. एच.एम.आय.एस. बेंगाल. म्हटलं चला, रविवार सत्कारणी लावू.

बेंगाल ही समुद्रातले सुरुंग काढायची बोट. सिडनीच्या कोकाटू बेटावरच्या गोदीत बांधलेली, ऑगस्ट १९४२मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झालेली. वजन साधारण ६५० टन, वेग १५ नॉट. मोठी म्हणावी अशी एकच तोफ, १२ पौंडी, आणि तिचे गोळे फक्त ४०. बाकी विमानांवर मारायच्या लहान तोफा. खलाशी बहुतेक भारतीय, कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन. बांधून झाल्यावर ती भारताकडे निघाली होती. जाता जाता काम दिलं, ओंदिना नावाच्या डच तेलवाहू जहाजाला फ्रीमँटलहून दिएगो गार्सियापर्यंत सोबत करायची.

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात समोरून दोन जहाजं आली, होकोकू मारू आणि आइकोकू मारू. मुळात ही प्रवासी-मालवाहू जहाजं, युद्धासाठी तोफा आणि टॉर्पेडो बसवलेली. म्हणजे फॉरवर्डमधल्या ‘क्रूझर’ इथेच बाद. पण म्हणून सोपं प्रकरण नव्हतं. एकेक १०,००० टनांवरचं, तोफा १४ सेंटिमीटरच्या, वेग २१ नॉट. याच जोडीने त्याच वर्षी मे महिन्यात गेनोटा नावाचं डच टँकर पकडून नेलं होतं.

विल्सनने ओंदिनाला निसटायला सांगितलं आणि बेंगाल सरळ होकोकूच्या अंगावर घातली. ओंदिना मात्र पळाली नाही. तिच्या मागच्या बाजूला एक ४ इंची तोफ होती, ३२ गोळे होते, तिनेही मारा सुरू केला. थोड्याच वेळात होकोकूच्या मागच्या भागात गोळा बसला, आग लागली, स्फोट झाले आणि ते धूड बुडालं.

आता खरा प्रश्न. तो गोळा कोणाचा?

बेंगालवाले म्हणाले आमचा. ओंदिनाचे तोफची म्हणाले आमचा. माझ्या कामात दोन सर्व्हरचे लॉग एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा जशी डोकेदुखी होते, तसंच हे. युद्धकाळात भारतात बेंगालचा डंका वाजला, विल्सनला डी.एस.ओ. मिळालं. नौदलाला भरतीसाठी अशी गोष्ट हवीच होती. मला स्वतःला गोळा बेंगालचाच असावा असं फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण तोफेचा आकार बघता मला पारडं ओंदिनाकडे झुकलेलं दिसतं.

आणि फॉरवर्डमध्ये नसलेला भाग पुढे आहे. गोळे संपत आल्यावर बेंगाल धुराचा पडदा सोडून निघून गेली. ओंदिना संपली, असा विल्सनचा समज झाला. ती संपली नव्हती. तिचेही गोळे संपले, कप्तान विलेम हॉर्समन ब्रिजवर मारला गेला, माणसं होड्यांत उतरली. आइकोकूने टॉर्पेडो मारले आणि होड्यांवरही गोळ्या झाडल्या. मग ओंदिना बुडणारच असं धरून ती निघून गेली. उरलेले खलाशी, त्यात बरेच चिनी, परत जहाजावर चढले, आग विझवली आणि ते भोकं पडलेलं जहाज फ्रीमँटलला परत घेऊन गेले! मला विचाराल तर यावर सिनेमा निघायला हवा.

बेंगालवर एकही माणूस दगावला नाही. आइकोकू फेब्रुवारी १९४४मध्ये त्रुक बेटांपाशी अमेरिकन विमानांनी बुडवली.

ज्या नौदलाचा हा डंका, त्याच नौदलाच्या खलाशांनी १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’वर संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. लढाईत शाबासकी आणि बराकीत ही वागणूक. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फाळणीत बेंगाल भारताकडे राहिली, २६ जानेवारी १९५०पासून आय.एन.एस. झाली आणि १९६०मध्ये मोडीत निघाली. कळंबोलीच्या लोखंड बाजारावरून जाताना हल्ली उगाच तिची आठवण येते.

रात्री मित्राला उत्तर टाकलं: क्रूझर नव्हत्या, बुडाली एकच, गोळा बहुधा डचांचा. त्याचं लगेच आलं, ‘मग आपलं राहिलं काय?’

मी दोन आकडे पाठवले. १५ नॉट आणि २१ नॉट. आणि खाली लिहिलं, जहाजं दिसली तेव्हा बेंगालचं तोंड कुणीकडे वळलं ते बघ.