आमच्या शाखा इतरत्र आहेत

दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी वाचली की मराठी माणसाला माल अस्सल असल्याची खात्री पटते. मी पडलो बँकेतला कारकून. शाखा म्हटली की मला बदलीची ऑर्डर दिसते. पण शाखा कशा फुटतात हे पाहायचंच असेल, तर रॉक बँडचा इतिहास वाचावा.

'रॉक मशीन'चंच घ्या. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला हा बँड. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल. त्या काळी रॉक म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची. आमच्या भाषेत 'खरी नक्कल' असा शिक्का मारून द्यायची. ह्या मंडळींनी १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९० साली दुसरा. १९९३ साली तर नावच बदलून 'इंडस क्रीड' केलं. आमच्याकडे नाव बदलायचं म्हणजे गॅझेटची प्रत लागते! १९९५ साली नव्या नावाचा अल्बम आला आणि मग काही वर्षांतच खातं बंद. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' नावाची शाखा निघाली.

आमच्या वाट्याला फक्त कॅसेट आली. तेवढ्यावर आम्ही चौघा बी.कॉम.वाल्यांनी मुलुंडात बँड काढला. धोबी तलावच्या रंगभवनात रॉक ऐकायचं, शेवटची लोकल पकडायची आणि जुहूच्या 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस' पबमध्ये वाजवायची स्वप्नं बघायची. प्रत्यक्षात वाजवलं ते सोसायटीच्या गणपतीत. तेही आरतीआधी.

बँड मोडला तो ॲम्प्लिफायरच्या वर्गणीवरून. हिशेब माझ्याकडे, रोकड गिटारवाल्याकडे. साडेचारशे रुपये कमी भरले. मी नको ते बोललो. दोघांनी लग्नाचा ऑर्केस्ट्रा काढला, मी बँकेची परीक्षा दिली, आणि गिटारवाल्याने माझ्याशी बोलणं सोडलं. तो मुलुंड पश्चिमेला, मी पूर्वेला. मध्ये फक्त रेल्वेचा पूल. वीस वर्षं तो मी एकदाही त्याच्यासाठी चढलो नाही.

इकडे इंडस क्रीडवाले निराळेच निघाले. बेनेगल परतले, तिनईकरांबरोबर 'व्हर्लिंग कलापाज' काढून वाजवू लागले. २०१० साली मूळ बँड पुन्हा उभा राहिला आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. आधीच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी!

परवा माळा आवरताना ती हिशेबाची वही सापडली. फरक नऊने भागला गेला की आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, हे पोरसवदा कारकुनालाही ठाऊक असतं. चारशे पन्नास भागिले नऊ, बरोबर पन्नास. शोधलं. १,०५० जमा झाले होते, मी लिहिले होते १,५००.

दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे वर्ग होते. पण बुडत नाही. मालक आला की परत मिळते. त्याच भरवशावर मी वही काखोटीला मारून पूल चढलो.

त्याने दार उघडलं. वही बघितली, चूक बघितली, मला बघितलं.

"व्याज?" तो म्हणाला.

"किती लावू?"

"गिटारच्या तारा गंजल्यात. नवा संच आण. आणि ह्या खेपेला पावती मी ठेवणार."