नदीवरून ठरणाऱ्या दिशा

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, क्लॅमथ नदीच्या काठी कारुक लोक राहतात. त्यांच्या भाषेत दिशा सूर्यावरून ठरत नाहीत, नदीवरून ठरतात. कारुक म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, युरुक म्हणजे खालच्या. मारुक म्हणजे नदीपासून दूर, चढणीकडे. सारुक म्हणजे उतरून नदीकडे. जमातीचं नाव यातूनच आलं. खालच्या अंगाचे शेजारी, ते युरोक! मला हे फार आवडलं. या भाषेची सख्खी बहीण मात्र कुठेच सापडलेली नाही.

सोन्यामागे गोरे आले. १८५१ साली सरकारने करार केला, १८५२ मध्ये सिनेटने तो फेटाळला, आणि कागद १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. जमीन गेली ती गेलीच. आज त्यातली बरीचशी सरकारी जंगलात आहे.

मग विजेसाठी धरणं. अंडी घालायला समुद्रातून वर येणारा सामन मासा १९१८ च्या सुमारास भिंतीशी अडला. त्याला चढून जायला वाटच ठेवली नव्हती. इंजिनियर म्हणून हे वाचताना ओशाळायला होतं. कारुक, युरोक वगैरे जमाती वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०२३-२४ मध्ये चार धरणं पाडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामन ऑरेगनपर्यंत पोचले. म्हणजे चांगलेच कारुक.