पेपरमिंट, कडू चॉकलेट आणि आपल्या शंका



चातुर्मास जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा लेकीसुनाच विचारतात: आत पुदिन्याचं सारण भरलेलं डार्क चॉकलेट अष्टमी-चतुर्दशीला चालेल का? त्या दिवशी हिरवं वर्ज्य, आणि पुदिना तर हिरवागार. प्रश्न चांगला आहे. पण या वडीचा इतिहास वाचत गेले तसं मला वाटू लागलं, की शंका घ्यायची खरी जागा पुदिना नव्हेच.

तरी आधी पुदिनाच घेऊ. आपल्या आज्या कुठल्याही गोळीला 'पेपरमिंट' म्हणायच्या. संत्र्याची असो, लिंबाची असो, पोराच्या हातावर ठेवली की ती पेपरमिंट. आणि दुसरं पेपरमिंट असायचं औषधाच्या फडताळात. पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर सारख्या वजनाने बाटलीत घातलं की थेंबभर पाणी न घालता सगळं पातळ होतं; तीच अमृतधारा. ते 'फूल' म्हणजे मेंथॉलचे स्फटिक. पाल्यातून वाफेने तेल काढतात, ते थंड केलं की मेंथॉल गोठून वेगळं होतं. यासाठी लागणारा जपानी पुदिना आपल्याकडे १९५०च्या दशकात आला आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला इतका रुजला, की आज जगाला मेंथॉल पुरवण्यात भारत सर्वांत पुढे आहे. चॉकलेटच्या सारणातही पाला नसतो, वाफेने काढलेलं तेल असतं. आमच्या घरी ते हिरव्यात धरत नाहीत. तुम्ही नियम घेतला असेल तर ज्या महाराजांकडून घेतला त्यांनाच विचारा, माझ्या लिखाणावर जाऊ नका.

गोळीच्या धंद्यात आपल्या समाजाचाही हात आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. सोलापूरच्या जैन घराण्यातले वालचंद हिराचंद दोशी यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना उभारला आणि १९४२पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. 'पान पसंद' खाल्लं नाही अशी आपल्या वयाची बाई शोधून काढावी लागेल! २०२४ साली ही नावं रिलायन्सकडे गेली.

आता कडू भाग. वेंगुर्ल्याला आलात तर डच वखारीचे पडके अवशेष जरूर पाहा. १६३७च्या सुमारास डचांनी आदिलशाही मुलखात ही वखार घातली. माल घ्यायचा आणि गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायची, असा दुहेरी हेतू. या वखारीत कोको आला असेल असं मुळीच नाही, तो प्रवास अमेरिका खंडाकडून युरोपला होता. पण ज्या ॲम्स्टरडॅमहून या वखारीचा कारभार चाले, तिथेच पुढे १८२८ साली व्हॅन हाउटेन यांनी कोकोचा लगदा दाबून त्यातलं लोणी वेगळं करायची युक्ती काढली. त्याआधी चॉकलेट प्यायचं असे. लोणी सुटं मिळाल्यावर ते परत साखर आणि कोकोत मिसळून साच्यात ओतता येऊ लागलं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ साली अशी वडी काढली, १८६६ साली आत साखरेचं मऊ सारण भरलं, आणि १९३४ साली त्याच सारणात पेपरमिंट घातलं. तीच आपल्या आजच्या वडीची थोरली बहीण. फ्राय हे नाव आपल्याकडेही आलं होतं. १९४८ साली मुंबईत जी कॅडबरी कंपनी सुरू झाली तिचं कागदोपत्री नाव 'कॅडबरी फ्राय' असं होतं.

फ्राय, कॅडबरी आणि राउंट्री ही तिन्ही घराणी क्वेकर पंथाची. हे लोक दारू पीत नसत, लढाईला जात नसत, शपथ घेत नसत. त्यामुळे सरकारी नोकऱ्या आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिली, आणि ते व्यापारात शिरले. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, ही त्यांची श्रद्धाही होती आणि धंदाही. मला हे वाचताना आपले श्रावक आठवले. आपल्याकडेही पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, म्हणजे कोणता धंदा करू नये त्याची यादी. मात्र याच राउंट्री कंपनीने १९६२ साली पातळ मिंट चॉकलेट काढलं आणि नाव ठेवलं 'आफ्टर एट'. रात्री आठनंतर, जेवण झाल्यावर खायचं! रात्रिभोजनत्याग असलेल्या बाईने याचं काय करायचं? मी ते दुपारी चारला खाते.

गंमत पुरे, कारण पुढची गोष्ट गमतीची नाही. त्याच पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येतं: दास-दासी आणि पशू यांची खरेदी-विक्री. या सज्जन क्वेकरांचा पुष्कळ कोको आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून येई. बेटं पोर्तुगिजांची, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर गोव्यात ज्यांचं राज्य होतं त्यांचीच. तिथल्या मळ्यांवर अंगोलातून माणसं आणत. कागदावर तो करार असे, पण परत घरी कोणी जात नसे. कॅडबरींच्या कानावर हे १९०१ साली आलं. चौकश्या, पत्रं, भेटी होत राहिल्या आणि त्या काळात खरेदीही चालू राहिली. तिन्ही घराण्यांनी तो कोको घेणं थांबवलं १९०९ साली. त्याच वर्षी बदनामी केली म्हणून कॅडबरींनी एका वर्तमानपत्रावर लावलेला खटला बर्मिंगहॅमला चालला. ते जिंकले, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, पेनीचा चौथा हिस्सा.

त्यांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण आठ वर्षं! आपण वेष्टनावर अंडं शोधतो, जिलेटिन शोधतो, ते शोधलंच पाहिजे. कोको कोणाच्या हातांनी तोडला हे मात्र कुठल्याही ठिपक्यावर नसतं. आजही जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथल्या मळ्यांवर लहान मुलं राबतात.

हिरव्या ठिपक्याचंही सांगते. २००१ साली हा नियम आला आणि आपली मोठी सोय झाली. त्याआधी आई-काकूंनी आत सारण असलेलं चॉकलेट सरसकट सोडलं होतं, आणि त्यांची शंका रास्त होती. इंग्रजी पाककृतींत घरगुती पेपरमिंट क्रीम अंड्याच्या पांढऱ्यात साखर मळूनच करतात. पण हिरवा ठिपका म्हणजे आपल्या घरचा सोवळा शिक्का नव्हे. सरकारी व्याख्येत मध, मेणमाशीचं मेण आणि लाख मांसाहारी धरत नाहीत. म्हणजे मध असलेल्या चॉकलेटवरही हिरवा ठिपका येऊ शकतो, आणि मध आपल्याला वर्ज्य. म्हणून मागची बारीक अक्षरं वाचा. ४७६ हे एरंडेलापासून करतात, ३२२ बहुधा सोयाबीनचं. सारण घट्ट भरून नंतर आतल्या आत पातळ व्हावं म्हणून काही ठिकाणी इन्व्हर्टेज घालतात, त्याचा आकडा ११०३. ते यीस्टपासून काढतात. खमीर टाळणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा.

मी हल्ली भारतीय कोकोचं चॉकलेट शोधते. केरळात १९६५पासून नारळ-सुपारीच्या बागांत कोको लावला जातो, आणि मंगळूरच्या सुपारी बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा, कॅम्पकोचा, पुत्तूरला १९८६पासून स्वतःचा चॉकलेट कारखाना आहे. काही लहान कारखानदार तर वेष्टनावर बागेचं गावही छापतात. वडी महाग पडते, म्हणून आम्ही एक आणून चौघांत वाटतो. आपल्या दमट हवेत ती बाहेर ठेवू नका, कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि सारण वेष्टनाला चिकटून बसतं. फ्रीजमधून काढून पाच मिनिटं थांबा, मग तुकडा मोडा. चावू नका. कडू कवच जिभेवर सुटतं, आणि मग तो गारवा वर नाकापर्यंत येतो.